बॅबिलॉन ते येलदरी: पांढऱ्या कडेच्या आयव्हीची गोष्ट



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. येलदरीसारख्या गावात, जिथे धरणात किती टक्के पाणी आहे याची चौकशी चहाच्या टपरीवरसुद्धा होते, तिथे कुंडीतल्या शोभेच्या वेलीवर व्याख्यान कशासाठी? रास्त शंका आहे. पण हल्ली जिंतूर-परभणीकडच्या घरांतही खिडकीत एखादी छोटी कुंडी दिसते. तीन-पाच टोकांची बारीक पानं, मधे हिरवी, कडेला पांढरी किंवा पिवळसर. नर्सरीवाला तिला ‘आयव्ही’ म्हणतो. दिवाळीनंतर आणलेली ही वेल होळीपर्यंत झकास असते आणि मे महिन्यात वाळून कोळ होते. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, आपल्या हाताला गुण नाही.

हाताच्या गुणाचा यात फारसा संबंध नाही. या वेलीला उष्ण मुलुखात वाढवण्याचा प्रयत्न तेवीसशे वर्षांपूर्वीही झाला होता, आणि तो फसल्याची लेखी नोंद आहे. आम्ही आज तिथूनच सुरुवात करणार आहोत.

अलेक्झांडर, म्हणजे आपला सिकंदर, पूर्वेच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याने खजिन्याची जबाबदारी हार्पालस नावाच्या जुन्या मित्राकडे दिली. हा हार्पालस बॅबिलॉनमध्ये राहिला. बॅबिलॉन आजच्या इराकमध्ये, उन्हाळा आपल्यासारखाच, किंबहुना चार अंश वरचढ. हार्पालसने तिथल्या बागेत मायदेशची, ग्रीसची झाडं लावायचं मनावर घेतलं. बरीच झाडं लागली. आयव्ही मात्र काही केल्या लागेना. पुन्हा लावली, पुन्हा गेली. वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणतात त्या थिओफ्रास्टसने ही गोष्ट आपल्या ग्रंथात लिहून ठेवली आहे. त्याने कारणही दिलं, की तिथली हवा तिला मानवत नाही. पुढे प्लुटार्कने सिकंदराच्या चरित्रात तीच गोष्ट सांगितली आणि तिथल्या तापलेल्या जमिनीला दोष दिला. हार्पालसचं पुढे काय झालं म्हणाल, तर खजिन्यातला मोठा हिस्सा घेऊन तो पळाला. पण आयव्हीच्या बाबतीत त्याने प्रामाणिक कष्ट केले, हे मान्य केलं पाहिजे.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. इ.स.पू. ३२६ च्या सुमारास सिकंदराचं सैन्य काबूल नदी आणि सिंधू यांच्या मधल्या डोंगराळ भागात पोहोचलं. तिथे नायसा नावाच्या ठिकाणी सैनिकांना डोंगरावर आयव्ही दिसली. कित्येक वर्षं घर सोडून निघालेली माणसं ती. ग्रीकांच्या डायोनिसस या देवाच्या डोक्यावर आयव्हीची माळ असते, म्हणजे आपल्याकडे शंकराला बेल असतो तसं. सैनिकांनी वेली तोडल्या, माळा करून डोक्याला बांधल्या आणि उत्सव केला. ही हकिकत अ‍ॅरियनने लिहिली आहे. तेव्हा आयव्ही भारतीय उपखंडाला अगदीच परकी नाही. हिमालयात तिची एक जात आजही रानात वाढते, शास्त्रीय नाव हेडेरा नेपालेन्सिस. बॅबिलॉनच्या बागेत जी जगली नाही, ती हिमालयाकडच्या थंड उतारावर आपोआप वाढत होती. तिला हवा असतो गारवा. माळ्याच्या कौशल्याचा भाग त्याच्या नंतर येतो.

थिओफ्रास्टसने आणखी एक निरीक्षण नोंदवलं. आयव्हीचे त्याने तीन प्रकार सांगितले: पांढरी, काळी आणि ‘हेलिक्स’. पांढऱ्यापैकी काहींचं नुसतं फळ पांढरं असतं, काहींची पानंही, असं तो म्हणतो. म्हणजे पांढऱ्या पानाची आयव्ही तेव्हाही माणसाच्या नजरेत भरली होती. आणि हेलिक्स हा वेगळा प्रकार आहे की त्याच वेलीचं बालपण, हा वादही त्याच्या काळी चालू होता. १७५३ मध्ये लिनियसने युरोपातल्या आयव्हीला ‘हेडेरा हेलिक्स’ हे नाव दिलं, तेच आजपर्यंत चालू आहे.

वादाचं उत्तर आता आपल्याला माहीत आहे. आयव्हीला दोन वयं असतात. लहान वयात पानाला टोकं असतात, खोडाला बारीक मुळ्या फुटतात आणि त्या मुळ्यांनी ती भिंतीला, झाडाला चिकटते. उंच जाऊन भरपूर उजेड मिळाला आणि वय झालं की पानं साधी, बिनटोकांची होतात, चिकटणं थांबतं, फांद्या झुडपासारख्या होतात आणि मग फुलं-फळं येतात. गंमत अशी, की या प्रौढ फांदीचं कलम लावलं तर त्याचं सहसा झुडूपच होतं, वेल होत नाही. खिडकीतल्या कुंडीत आपण ठेवतो ती कायमची लहान वयातली आयव्ही. तिला आपण मोठं होऊच देत नाही.

इथून आपण एकदम एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जाऊ. लंडनमध्ये कोळशाचा धूर इतका, की बागेतली नाजूक झाडं तग धरत नसत. नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे डॉक्टर होते. १८२९ च्या सुमारास त्यांनी एका बंद बरणीत पतंगाचा कोश ठेवला होता. त्या बरणीतल्या ओलसर मातीत आपोआप नेचा उगवला आणि बाहेर नेचे मरत असताना तो आत टिकला. त्यातून काचेची बंद पेटी आली, ‘वॉर्डियन केस’. आतलं पाणी आतच फिरतं, वाफ होतं, काचेवर जमतं, पुन्हा मातीत जातं. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडं जहाजाने ऑस्ट्रेलियापर्यंत सुखरूप गेली. १८४८ नंतर रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपं आणि बिया हिंदुस्थानात आणल्या, त्याही याच पेट्यांतून. आपण सकाळी जो चहा पितो त्याच्या इतिहासात ही काचेची पेटी आहे, बरं का.

त्याच काळात इंग्रजी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आयव्ही शिरली. धूर सोसते, कमी उजेडात चालते, थंडीत हिरवी राहते, आणि कामट्यांच्या जाळीवर चढवली की आडोसा तयार होतो. १८७२ मध्ये शर्ली हिबर्ड या बागकामाच्या लेखकाने फक्त आयव्हीवर एक अख्खं पुस्तक काढलं. पांढऱ्या कडेच्या, पिवळ्या ठिपक्यांच्या वेली संग्राहक एकमेकांना दाखवू लागले, देऊ-घेऊ लागले. हे सगळं ज्यांच्या घरी घडत होतं त्यांचेच भाऊबंद इकडे पुण्या-मुंबईत कलेक्टर, इंजिनिअर, लष्करी अधिकारी होते. १८७३ मध्ये पुण्यात गणेशखिंडीची वनस्पती-बाग सुरू झाली. तिथले जॉर्ज मार्शल वूड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. घराच्या पायरीवर कुंड्यांची ओळ मांडायची ही पद्धत आपल्याकडे बरीचशी त्या बंगल्यांतून आली. त्याआधी आपल्या अंगणात काय होतं? तुळस, पारिजातक, जास्वंद आणि गुलबक्षी.

गुलबक्षीचं नाव आम्ही मुद्दाम घेतलं. पांढरी कड येते कशी, या प्रश्नाचं अर्धं उत्तर गुलबक्षीने दिलं आहे.

ही गुलबक्षी मूळची अमेरिका खंडातली, पण आपल्या परसात इतकी रुळली की तिला कोणी परकी म्हणत नाही. तिच्यात कधीकधी एकाच झाडावर तीन तऱ्हेच्या फांद्या दिसतात: पूर्ण हिरवी, पूर्ण पांढरी आणि चट्टेपट्टे असलेली. जर्मनीतल्या कार्ल कॉरेन्स यांनी १९०९ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. हिरव्या फांदीवरच्या फुलाचं बी हिरवंच रोप देतं, पराग कुठल्याही फांदीचा असो. पांढऱ्या फांदीच्या बियांतून पांढरी रोपं येतात आणि ती मरतात, कारण अन्न तयार करणारं हरितद्रव्यच त्यांच्यात नसतं. चट्टेवाल्या फांदीच्या बियांतून तिन्ही प्रकार येतात. म्हणजे हा गुण आईकडून येतो, बापाचा त्यात वाटा नाही. मेंडेलच्या नियमात न बसणारी आनुवंशिकता जगाने पहिल्यांदा नीट पाहिली ती गुलबक्षीत. त्याच वर्षी एर्विन बाउर यांनी पांढऱ्या कडेच्या जिरॅनियमवर काम करून दुसरं अर्धं उत्तर दिलं.

बाउर यांचं म्हणणं समजायला पुरणपोळी पुरेशी आहे. वर कणकेचं आवरण, आत पुरण. लाटताना दोन्ही एकत्र पसरतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. वेलीच्या शेंड्यावर पेशींचे असेच थर असतात. कुठल्यातरी एका पेशीत बिघाड होऊन एका थरात हरितद्रव्य बनेनासं झालं, की पुढे तो थर जिथे जिथे पोहोचतो तिथे पान पांढरं. बाहेरच्या थराचा वाटा पानाच्या कडेला जास्त असतो, म्हणून कड पांढरी आणि मध्य हिरवा. अशा वनस्पतीला शास्त्रज्ञ ‘कायमेरा’ म्हणतात. पांढऱ्या कडेच्या आयव्ही बहुतेक याच जातकुळीतल्या.

यातून तीन गोष्टी निघतात, आणि कुंडी सांभाळणाऱ्याने त्या लक्षात ठेवाव्यात. पहिली, ही वेल बियांपासून जशीच्या तशी मिळत नाही. खोडाचं कलमच लावावं लागतं. दुसरी, पानाचा पांढरा भाग स्वतः कमावत नाही, हिरव्या भागाच्या जिवावर जगतो. म्हणून ही वेल हळू वाढते आणि साध्या हिरव्या आयव्हीपेक्षा तिला उजेड जास्त लागतो. तिसरी, मधूनच एखादी फांदी पूर्ण हिरवी फुटते. ती जोमाने वाढते, कारण तिच्यात खाणारं तोंड कमी आणि कमावणारा हात जास्त. ती दिसताक्षणी मुळापासून छाटली नाही, तर दोन-तीन वर्षांत कुंडीभर हिरवी वेल होते आणि पांढरी कड गायब. कोणी माणूस कात्री घेऊन लक्ष ठेवतो तोवरच ती कड असते.

आज बाजारात मिळणाऱ्या छोट्या आयव्हीचा इतिहास आणखी जवळचा आहे. जुन्या आयव्हीची एकच लांब दोरी व्हायची. १९२० मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ‘पिट्सबर्ग’ नावाची वेल विक्रीला आली. ती शेंडा न खुडताही आपोआप बाजूला फुटायची आणि दाट, आटोपशीर राहायची. तिच्यात पुढे अनेक बदल आढळले, लोकांनी ते वेगळे काढून वाढवले, आणि कुंडीतल्या आयव्हीचा व्यापार उभा राहिला. १९७३ मध्ये तिथे आयव्हीप्रेमींची एक राष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली.

पण त्याच अमेरिकेत या वेलीचं दुसरं रूपही आहे. वायव्येकडच्या थंड, ओल्या जंगलांत इंग्लिश आयव्ही बागेतून निसटली, जमीन झाकून टाकू लागली, झाडांवर चढू लागली. ऑरेगन राज्याने २०१० मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याला हे नवीन नाही. घाणेरी हिंदुस्थानात आली ती शोभेचं झाड म्हणून. जलपर्णीही तिच्या फुलांवर भाळून लोकांनी जगभर नेली. आज नद्या-तलाव तिच्याखाली गुदमरतात. परभणीच्या उन्हात आयव्ही तसं काही करू शकणार नाही, तो धोका इथे नाही. तरी महाबळेश्वरसारख्या थंड जागी हौसेने कोणी ती उघड्या रानात लावू नये, एवढं सांगून ठेवतो.

आता येलदरी. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ च्या सुमारास पूर्ण झालं. पाणीसाठा सुमारे ९३४ दलघमी. इथे वीज तयार होते आणि पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाऊन कालव्यांनी शेतात पोहोचतं. एवढं पाणी उशाशी असूनही मराठवाड्याने २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी जाताना पाहिलं आहे. तेव्हा शोभेच्या कुंडीला पाणी द्यायचं का, हा प्रश्न इथे थट्टेचा नाही. आमचं उत्तर असं, की वेल अशी सांभाळावी की तिच्यासाठी वेगळं पाणी काढावं लागू नये. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी एका लहान कुंडीला पुरून उरतं.

आणि हे शिकायला इंग्लंडला जायची गरज नाही. आपल्याकडे पानमळा आहे. खाऊच्या पानाची वेलही सावलीची, ओलाव्याची, मुळ्यांनी चिकटणारी, कलमानेच वाढणारी. आपल्या शेतकऱ्यांनी ती उन्हाच्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या जगवली. शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा लावून आधार आणि सावली एकदमच केली. चारी बाजूंनी ताटी किंवा दाट झाडं लावून गरम वारा अडवला. दरवर्षी वेलीची उतरण करून, म्हणजे ती खाली घेऊन मातीत दाबून, तिला पुन्हा तरुण केलं. हार्पालसला असा एखादा पानमळेवाला भेटला असता, तर बॅबिलॉनची आयव्ही निदान एखादा उन्हाळा जास्त जगली असती.

पानमळ्याचीच युक्ती कुंडीला लावू या. आयव्ही आणायची ती कार्तिकात, उन्हाळ्याच्या तोंडावर नाही. तोवर तिला मुळं धरायला चार महिने मिळतात. आपली काळी माती कुंडीत भरू नये. ती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, दोन्हीत मुळं तुटतात. कुजलेला पालापाचोळा, जाड वाळू आणि थोडी पोयट्याची माती असं भुसभुशीत मिश्रण करावं. कुंडीला खाली भोक हवंच. वरची बोटाच्या पेराएवढी माती सुकली की पाणी द्यावं, रोजच्या रोज नाही. उन्हाळ्यात मेलेल्या आयव्हीतल्या बऱ्याचशा, खरं तर, जास्त पाण्याने मुळं कुजून मेलेल्या असतात. पान सुकलं म्हणून आपण आणखी पाणी ओततो आणि उरलेलं काम पूर्ण करतो.

बोअरचं पाणी खारट असेल तर पानांच्या कडा करपतात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी तर कधीच देऊ नका, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम.

जागा कुठली? पूर्वेची किंवा उत्तरेची पडवी. सकाळचं कोवळं ऊन थंडीत चालेल. फाल्गुनापासून थेट ऊन नको, पण उजेड हवा. आणि घरातली सगळ्यात गार जागा आपल्याला ठाऊक असते: पाण्याच्या माठाशेजारची. माठाभोवतीची हवा झिरपणाऱ्या पाण्याने गार राहते. मे महिन्यात कुंडी तिथे न्यावी. किंवा मोठ्या मातीच्या कुंडीत वाळू भरून ती ओली ठेवावी आणि लहान कुंडी त्यात बसवावी. ही युक्ती वॉर्डच्या काचेच्या पेटीच्या उलट्या अंगाने जाते. तिथे वाफ कोंडून ठेवायची होती, इथे ती उडू द्यायची आहे, कारण उडतानाच ती उष्णता घेऊन जाते. परभणीत बंद काचेची पेटी ठेवली तर आत वेलीची भाजी होईल.

कोरड्या गरम हवेत हिचा मोठा शत्रू लाल कोळी. कापूस-भेंडीवर तुम्ही तो पाहिलेला आहे. पानावर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळी दिसली की समजावं. आठवड्यातून एकदा पानं खालच्या बाजूने पाण्याने धुतली तर तो सहसा जम बसवत नाही. या वेलीचा चीक काहींच्या त्वचेला खाजतो आणि पानं-फळं पोटात गेली तर त्रास होतो, म्हणून लहान मुलं आणि शेळी-करडं यांच्यापासून दूर ठेवावी.

एक गैरसमजही दूर करू. १९८९ मध्ये नासाच्या एका अभ्यासात बंद पेटीत झाडं ठेवून हवेतले काही विषारी वायू कमी होतात का, हे पाहिलं. त्यात आयव्हीही होती. तेव्हापासून ‘हवा शुद्ध करणारी वेल’ म्हणून ती खपते. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यातून निघालं, की खोलीची खिडकी उघडल्याने जेवढी हवा बदलते तेवढं काम करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. तेव्हा आयव्ही ठेवायची तर डोळ्यांना बरं वाटतं म्हणून ठेवा. हवेसाठी खिडकी उघडा.

शेवटची गोष्ट कलमाची. थंडीत चार-सहा इंचांचा कोवळा पण घट्ट शेंडा पेराच्या खाली कापावा, खालची पानं काढावीत, ओल्या वाळूत किंवा पाण्याच्या पेल्यात ठेवावा. तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात. आमचा आग्रह आहे की अशी दोन कलमं करावीत आणि एक शेजारी द्यावं. दोन घरं, दोन खिडक्या, दोन वेगळ्या माणसांचं लक्ष. एका घरची मे महिन्यात गेली तरी दुसरीकडची उरते, आणि दिवाळीला तिथून पुन्हा एक शेंडा मागून आणता येतो.

तुमच्या खिडकीतली पांढऱ्या कडेची वेल हे कोणा दुसऱ्या वेलीचं मूल नाही. कुठेतरी, कधीतरी एका फांदीवर तो बदल झाला, कोणाच्या तरी डोळ्यांना तो आवडला, त्याने ती फांदी कापून लावली. मग दुसऱ्याने त्याच्याकडून घेतली. मधे कुठे बीज नाही, नुसते हात आहेत. सिकंदराच्या खजिनदाराकडे पैसा होता, नोकर होते, राजवाड्याची बाग होती, तरी त्याची वेल जगली नाही. आपल्याकडे माठाशेजारची हातभर गार जागा आहे आणि शेजारी आहे. एवढ्यावर एक वेल उन्हाळा काढू शकते, असं आम्हाला वाटतं. यंदा करून बघा, आणि पुढच्या आषाढात किती घरांत ती उरली हे आम्हाला जरूर कळवा.